वजाचं चिन्ह

१४ ऑक्टोबर २०२४, उधवा

तलासरी नाक्यावर उमेश रिक्षा घेऊन उभा होता. माझ्या दोन बॅगा, एकीत कपडे आणि दुसरीत वह्या. वह्यांची बॅग उचलताना म्हणाला, "ताई, परदेशातून दगड आणलेस का?" धाकटा भाऊ आहे, पण आता कानाशी केस पांढरे दिसतात.

आई अंगणात नागलीची कणसं पसरत होती. मी उतरून तिच्यासमोर चार हात अंतरावर उभी राहिले. तिनं मान वर केली, माझ्या दिशेनं तोंड केलं आणि विचारलं, "कोण?"

उमेश म्हणाला, "जयवंती आलीय, आई."

"आली का? मग जेव," म्हणाली, आणि पुन्हा कणसांना लागली.

बाबा गेले तेव्हा मी जर्मनीत होते. तिकीट मिळून इथं पोचेपर्यंत पाच दिवस गेले होते, सगळं उरकलं होतं. चार दिवस राहिले आणि परत गेले, ती आज दोन वर्षांनी येते आहे. तेव्हा तो 'कोण?' मी माझ्या हातानं कमावलेला आहे.

घरात आम्ही वारलीत बोलतो. लिहायला शाळेत शिकले ते मराठी, म्हणून ही वही मराठीत. काम इंग्रजीत. एकाच डोक्यात तीन खोल्या आहेत आणि तिन्हींची दारं वेगवेगळ्या दिशेला उघडतात.

१६ ऑक्टोबर

बेत असा आहे: तीन महिने इथं राहायचं, जानेवारीच्या मुलाखतीची तयारी करायची. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत कायमची जागा आहे. माझं वय सदतीस. आतापर्यंत तीन कंत्राटं झाली, तीन देशांत. चौथं कुणी देत नाही, द्यायचं असेल तर कायमचंच देतात, नाहीतर "शुभेच्छा" देतात. ही जागा मिळाली नाही तर पुढे काय, ते ठरवलेलं नाही.

मुलाखतीत आपलं मुख्य काम पाऊण तासात मांडायचं असतं. माझं म्हणजे माझं आणि नविनचं काम. नविन डहाणूचा, किनाऱ्यालगतच्या आगर गावाकडे त्यांच्या चिकूच्या वाड्या आहेत. घरी गुजराती, बाहेर मराठी. पुण्याला एम.एस्सी.त आम्ही भेटलो, तेव्हा या पट्ट्यातून स्ट्रिंग थिअरीकडे निघालेली बहुधा आम्ही दोघंच होतो आणि दोघं एकाच बाकावर. तो आता सिंगापुरात प्राध्यापक आहे. दिवाळीला येणार आहे.

पाऊण तासात जे सांगायचं ते सगळं पहिल्यापासून स्वतः काढून बघायचं ठरवलंय. कुणी काहीही विचारलं तरी अडायला नको.

१९ ऑक्टोबर

प्रगतीनं आज सरळ विचारलं. उमेशची बायको. अंगणवाडीत मदतनीस आहे, बोलायला धीट. भात झोडून आली होती, पाणी पीत पीत म्हणाली, "ताई, तुम्ही नेमकं करता काय? मला कुणी विचारलं तर मी म्हणते, शास्त्रज्ञ आहेत. पुढचं विचारलं तर मी गप्प."

मी सांगितलं. सगळं जग बारीक कणांचं बनलंय असं शाळेत शिकवतात. आमचं म्हणणं, ते कण नाहीतच, इतक्या बारीक तारा आहेत की लांबून कणासारख्या दिसतात. तार एका तऱ्हेनं थरथरली की एक कण, दुसऱ्या तऱ्हेनं थरथरली की दुसरा.

"कुणी बघितलीय ती तार?"

"नाही."

"पुढे कधी दिसेल?"

"तेवढं मोठं यंत्र पृथ्वीवर मावणार नाही."

"मग खरं कशावरून?"

याचं उत्तर मी एरवी घोळवून देते. आज तिला मनातलं सांगितलं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी कागदावर नुसती एक बंद तार घेतली होती, रबरबँडसारखी, आणि ती कशी कशी थरथरू शकते ते मोजत होते. गुरुत्वाकर्षणाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. आणि मोजता मोजता त्यातून एक थरथर अशी निघाली, जिचे सगळे गुण गुरुत्वाकर्षणाच्या कणाचे. शंभर वर्षं मोठमोठी माणसं ज्याला बाकीच्या भौतिकीत बसवायला धडपडतायत, ते न बोलावता दारात येऊन उभं. त्या दिवशी मी मेसमध्ये जेवायला गेलेच नाही. त्याच्या जोरावर पुढची पंधरा वर्षं काढली.

प्रगती विचार करत होती. आई भिंतीला टेकून बसली होती, आम्हाला वाटलं तिचं लक्ष नाही. ती म्हणाली, "न दिसणारं पण असतं."

माझी बाजू घेतली की टोमणा मारला, कळलं नाही. बोलताना ती माझ्याकडे बघत नाही. आल्यापासून एकदाही माझ्या तोंडाकडे नीट बघितलेलं नाही तिनं.

२३ ऑक्टोबर

काहीतरी चुकतंय. इथे नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

आपलं विश्व फुगतंय आणि फुगण्याचा वेग वाढतोय. म्हणजे अगदी रिकाम्या पोकळीतही थोडी ऊर्जा आहे, आणि ती अधिक चिन्हाची आहे. स्ट्रिंग थिअरीला आपल्याला दिसतात त्याहून सहा मिती जास्त लागतात. त्या इतक्या बारीक गुंडाळलेल्या असतात की जाणवत नाहीत, पण त्या कशा गुंडाळल्यात त्यावर विश्वाचे नियम ठरतात. आणि गुंडाळायचे प्रकार किती, तर एकावर पाचशे शून्यं, असा एक अंदाज. एकच सिद्धांत सगळं सांगेल म्हणून आम्ही निघालो होतो. निघाली पाचशे शून्यं लागतील इतकी उत्तरं. त्या गर्दीत आपलं विश्व कुठलं ते कुणाला सांगता येत नाही. आपल्यासारखं, अधिक ऊर्जेचं आणि टिकून राहणारं एक तरी त्यात आहे का, यावरच भांडणं आहेत.

२०१९ मध्ये मी आणि नविननं दाखवलं की आहे. एका जातीच्या गुंडाळीत अशी जागा सापडते. डोंगरउतारावर एखादा खळगा असावा आणि त्यात पाणी साचून राहावं, तसं विश्व तिथं साचून राहतं. लोकांना ते आवडलं. त्यावर पुढे शंभरेक पेपर झाले. माझं नाव आहे ते तेवढ्यावर.

खळग्याचा बांध एका लहानशा दुरुस्तीच्या राशीवर उभा आहे. ती अधिक असेल तर बांध राहतो. वजा असेल तर बांध फुटतो आणि विश्व घरंगळून जातं.

आज मला ती वजा आली.

२४ ऑक्टोबर

पुन्हा केलं. वजा.

२५ ऑक्टोबर

वेगळ्या रीतीनं केलं. वजा. आई म्हणाली, "आज उपास आहे का तुझा?"

२७ ऑक्टोबर

सापडलं.

ती राशी आम्ही एका जुन्या पेपरातून घेतली होती. त्या पेपरात वक्रतेचं चिन्ह आमच्या उलट धरायची पद्धत आहे. अकराव्या पानावर तळाला बारीक अक्षरात तसं लिहिलंय. ती ओळ मी वाचली नव्हती. आमच्या वाटणीत तो भाग माझा होता, नविननं माझ्यावर विश्वास ठेवला. पेपर तपासणाऱ्यांनी आमच्या दोघांवर ठेवला. शंभर जणांनी तपासणाऱ्यांवर.

शाळेच्या चढावर गेलं की रेंज येते. तिथं उभी राहून नविनला मेसेज केला: "दिवाळीत भेट. महत्त्वाचं आहे."

मग चढ उतरायला लागले. खाली शेतात माणसं भात कापत होती, कुणीतरी हाक मारली, मी हात केला. यातल्या कुणालाही मी हे सांगू शकत नाही. वारलीत 'मिती' कसं म्हणायचं तेच मला सुचत नाही, मग 'सहाव्या मितीत माझं चिन्ह चुकलं' हे कसं म्हणू?

२९ ऑक्टोबर

घरात बसवेना म्हणून आईबरोबर वाडीवर गेले. ती अजून चिकू निवडायला जाते. बांबूला जाळी बांधून वरून चिकू उतरवतात आणि खाली बायका तयार, कच्चा, डागी असं वेगळं करतात. लहानपणी तिनंच मला शिकवलं होतं, की नखानं साल जरा खरवडायची, आत हिरवं दिसलं तर कच्चा. आता ती खरवडतच नाही. नुसता हातात घेते, अंगठा फिरवते, वास घेते आणि टाकते बरोबर टोपलीत. चाळीस वर्षांचा हात. मला हेवा वाटला. माझ्या कामात असं नुसतं चाचपून कळत असतं तर!

मी दोन टोपल्यांपलीकडे बसले होते. तिला वाटलं मी पाणी प्यायला गेले. शेजारच्या तानीकाकूला हळूच विचारताना ऐकलं, "कशी दिसते गं ती? वाळलीय का?"

मी तिथंच आहे. मला विचार ना. माझ्याकडे बघ आणि ठरव. एवढा राग?

३ नोव्हेंबर

नविन भेटला. त्याच्या घरी पाहुणे होते म्हणून आम्ही आगरच्या किनाऱ्यावर गेलो. भरती उतरत होती. बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते, वाऱ्याबरोबर वास येत होता. त्यानं पॅंट दुमडून घेतली, मी वाळूत कागद धरून उभी.

त्यानं दोन पानं वाचली आणि तिसरं उलटलंच नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"माहीत नव्हतं. शंका होती."

"कधीपासून?"

"दोन-अडीच वर्षं झाली. तुझे बाबा गेले तेव्हाच बोलणार होतो, पण तेव्हा कसं बोलणार? मग राहून गेलं. आणि एकदा राहून गेलं की, जयवंती, ते बोलणं जड होत जातं."

मला राग यायला हवा होता. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की दोन वर्षं यालाही कुणाशी बोलता आलं नाही.

"दुरुस्ती पाठवायला हवी," मी म्हटलं.

"पाठवू. पण आत्ता कशाला? तुझी मुलाखत होऊ दे. माझ्याकडे दोन पोरं त्याच्यावर पीएचडी करतायत. पुढच्या पेपरात 'सुधारित गणना' म्हणून हळूच आणू. सगळे तसंच करतात."

"आणि तोपर्यंत मी मुलाखतीत उभी राहून खळगा दाखवू?"

तो समुद्राकडे बघत म्हणाला, "कोणाचं काय बिघडतंय, सांग. आपण पूल बांधला होता का, तो पडेल? औषध काढलं होतं का? निसर्ग येऊन सांगणार आहे का, चुकलात म्हणून? हजार वर्षांत सांगणार नाही. खरं सांगू? कधी कधी मला वाटतं, आपल्या सगळ्या विषयाचंच तसं आहे."

मी म्हटलं, "म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

पुढचं मला नीट सांगता आलं नाही. रिक्षानं डहाणू स्टेशन, तिथून एसटीनं तलासरी, पुढे उमेश. वाटभर ते वाक्य जुळवत होते. बाकीच्या विज्ञानात माणूस खोटं बोलला तर उद्या ना परवा प्रयोग त्याला पकडतो. आमच्याकडे पकडणारं कुणी नाही. आमच्याकडे फक्त आम्ही आहोत.

जुळलं तेव्हा तो समोर नव्हता.

१२ नोव्हेंबर

नऊ दिवस काहीही केलं नाही. मुलाखतीच्या स्लाइड उघडते, खळग्याच्या चित्राशी थांबते, बंद करते. चित्र सुंदर आहे. नविनच्या बायकोनं रंग निवडून दिले होते.

आज स्वतःला खरं विचारलं. समज, नाही सांगितलं. जागा मिळते. पगार, घर, विद्यार्थी, वाचनालय. आईला तिकडे नेता येईल, ती येईल असं वाटत नाही, पण विचारता येईल. पाच वर्षांनी कुणीतरी ते चिन्ह शोधेल, किंवा शोधणार नाही. समज, सांगितलं. मग माझ्याकडे दाखवायला उरतं काय? पंधरा वर्षं आणि एक दुरुस्ती.

इथे माझ्याशी बोलायला माणूस नाही असं लिहिणार होते. पण तिथं तरी कुठे होतं? हॅम्बुर्गला माझ्या मजल्यावर अकरा जण होते. आम्ही दारातून "गुड मॉर्निंग" म्हणायचो आणि आपापल्या सहा मितींत शिरायचो. रविवारी बेकरीतल्या बाईशी दोन वाक्यं बोलायला मिळावीत म्हणून मी पाव घ्यायला जायचे, पाव फ्रीजमध्ये पडून असायचे.

आई आज चालताना माझ्या बॅगेला अडखळली. मी "लागलं का?" विचारलं, तर म्हणाली, "वाटेत ठेवू नको काही." तेवढंच बोलली. सगळ्या घरात मीच वाटेत ठेवलेली आहे असं वाटलं.

१८ नोव्हेंबर

आज मी आईवर ओरडले. कधी नव्हे एवढी.

दुपारी चहासाठी चूल पेटवत होती. मी बाहेरून आले तर चुलीत माझे कागद. २५ तारखेची वेगळ्या रीतीची गणना, चौदा पानं. मी हात घालून ओढली, पाच वाचली, बोटं पोळली.

"हे काय केलंस?"

"कागद होते पडलेले."

"माझे कागद होते!"

"कोरे वाटले मला."

कोरे! दोन्ही बाजूंनी काळ्या शाईनं भरलेली पानं, मुंगी शिरायला जागा नाही, आणि म्हणे कोरे! मी म्हणाले, "सूड घ्यायचाय का? घे. बाबांच्या वेळी वेळेवर पोचले नाही त्याचा एकदा काय तो राग काढ. पण असं बघून न बघितल्यासारखं करू नकोस."

ती चुलीपाशी तशीच बसून राहिली, हात मांडीवर. मग विचारलं, "भाजलं का तुला? कुठं भाजलं?"

मी बाहेर निघून गेले.

१९ नोव्हेंबर

सकाळी प्रगती मला विहिरीवर घेऊन गेली. कळशी भरायच्या आधी म्हणाली, "ताई, मला बोलू नका म्हणून सांगितलंय, पण मी बोलते. आईंना दिसत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-अंधार कळतो, माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. दोन वर्षं होत आली. ह्यांनी दोनदा डहाणूला नेलं ऑपरेशनला, दोन्ही वेळा दारातून परत आल्या. म्हणतात, जयवंती आली की करीन. आणि तुम्हाला कळवू द्यायचं नाही. कळलं तर ती काम टाकून येईल, म्हणाल्या."

मी विहिरीच्या कठड्यावर बसले. प्रगतीनं दोन कळशा भरल्या, एक डोक्यावर घेतली, एक माझ्यापाशी ठेवली आणि गेली.

२० नोव्हेंबर

ही वही १४ ऑक्टोबरपासून वाचून काढली.

सगळं इथं लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात. 'कोण?' लिहिलंय. चिकू चाचपलेला लिहिलाय, कशी दिसते विचारलेलं लिहिलंय, बॅग, कोरे कागद. एकही गोष्ट सुटलेली नाही. आणि प्रत्येक गोष्टीपुढे मी लिहिलंय: राग. माझ्याकडे एक सिद्धांत होता आणि त्यात काहीही बसत होतं. तिला एकदा विचारलं असतं, 'आई, मी दिसते का तुला?', तर एका वाक्यात निकाल लागला असता. विचारता येत होतं. इथं यंत्र लागत नव्हतं.

शाळेच्या चढावर जाऊन नविनला लिहिलं: "दुरुस्ती मी आजपासून लिहायला घेते. तुझं नाव ठेवू की नको, एवढं कळव."

आईशी बोलले. म्हणजे तिच्याजवळ जाऊन बसले. माझी बोटं तिच्या हातात दिली. तिनं भाजलेलं बोट बरोबर शोधलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू पण कुठं काही सांगतेस? एक महिना झाला जेवत नाहीस. मला दिसत नाही, पण ताटातलं उरलेलं हाताला लागतं."

मग मी तिला सांगितलं. चुकलं आहे, माझ्या हातून, सगळ्यांसमोर कबूल करायचंय. मितीबिती काही सांगितलं नाही.

तिनं विचारलं, "कबूल केलंस तर मारतील का?"

"नाही. नोकरी देणार नाहीत बहुतेक."

"हां," म्हणाली. माझं भाजलेलं बोट चाचपत राहिली. "तिकडे एकटीच असतेस ना तू?"

२९ नोव्हेंबर, डहाणू

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दारापाशी पुन्हा थांबली होती. मी म्हटलं, "आले ना मी?" तेव्हा आत आली.

आज सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं किती विचारलं, तिनं बरोबर सांगितली. मग माझ्याकडे वळली आणि बघत राहिली, इतका वेळ की मलाच खाली बघावंसं वाटलं.

"बाबावर गेलीस," म्हणाली. "आधी नव्हतीस."

११ डिसेंबर

दुरुस्ती चार पानांची झाली. पहिलीच ओळ: 'आमच्या २०१९च्या निबंधातला मुख्य निष्कर्ष टिकत नाही.' ही ओळ लिहायला सहा दिवस लागले. 'किंचित बदलतो', 'पुनर्विचार मागतो' असं बरंच काही लिहून खोडलं.

नविनचं उत्तर एका ओळीचं आलं: "दोघांचं नाव ठेव." खाली, थोडी जागा सोडून: "पोरांना मी सांगतो."

आज ती सगळ्यांना वाचता येईल अशी पेपरांच्या संकेतस्थळावर लागली. चढावर उभी राहून मी बघत होते, जसं काही लगेच आभाळ कोसळणार आहे. काहीच झालं नाही. एक बकरी माझ्या ओढणीचं टोक खात होती.

९ जानेवारी २०२५

मुलाखत ऑनलाइन होती. रेंज भरवशाची हवी म्हणून डहाणूला नविनच्या आईच्या घरी बसले. त्यांनी दार लावून घेतलं आणि बाहेर सगळ्यांना गप्प बसवलं.

मी पहिल्या वीस मिनिटांत आमचा खळगा दाखवला आणि पुढच्या पंचवीस मिनिटांत तो का नाही ते दाखवलं. समितीत सहा जण. एका वयस्कर बाईंनी विचारलं, "मग आता तुमच्या मते अशी विश्वं या सिद्धांतात आहेत की नाहीत?"

"मला माहीत नाही."

"आणि नसतीलच असं निघालं तर?"

"तर हा सिद्धांत आपल्या विश्वाचा नाही. पण ते आपलं आपल्यालाच शोधून काढावं लागेल, दुसरं कुणी सांगणार नाही."

"आणि तरीही तुम्हाला हेच करायचंय?"

मी 'हो' म्हणाले. इतक्या पटकन, की मलाच आश्चर्य वाटलं.

२१ जानेवारी

जागा दुसऱ्याला मिळाली. पत्र सौजन्यपूर्ण आहे. त्या बाईंनी वेगळी दोन ओळींची मेल केली आहे: सांगितलंत ते बरं केलंत. मी ती पुन्हा पुन्हा वाचते आणि मग मला स्वतःचा कंटाळा येतो. बरं केलं, मग?

आई आता सगळीकडे बघत हिंडते. घराची डागडुजी, उमेशचे पांढरे केस, सगळ्यावरून बोलते. घर भरलेलं आहे. तरी दुपारी ओट्यावर वही घेऊन बसले की तसंच एकटं वाटतं. हे तिच्या डोळ्यांबरोबर बरं होईल असं मला का वाटलं होतं?

६ फेब्रुवारी

एक मेल आली. नाव ओळखीचं नाही, आणि तिला विचारलेलं नाही म्हणून इथंही लिहीत नाही.

तिनं लिहिलंय: मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुमचं काम पुढे न्यायचं म्हणून आधी ते स्वतः काढून बघितलं. मला वजा आलं. तीन वेळा आलं. गाईड म्हणाले, हे छापलेलं आहे, शंभर लोकांनी वापरलंय, तुझंच कुठेतरी चुकतंय, शोध. मी आठ महिने माझी चूक शोधली. सापडली नाही. चूकसुद्धा सापडत नाही म्हणजे आपल्याला हे जमणारच नाही, असं वाटलं. २०२२ च्या डिसेंबरात सोडून दिलं. आता एका विमा कंपनीत आकडेमोड करते. तुमची दुरुस्ती जुन्या मैत्रिणीनं पाठवली. ऑफिसच्या जिन्यात बसून वाचली. राग नाही. फक्त कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि तुमच्याशिवाय कुणाला ते कळणार नाही.

९ फेब्रुवारी

तीन दिवस उत्तराचे मसुदे केले. क्षमा मागणारे होते, समजावणारे होते. एक तर दोन पानी होता आणि त्यात सगळं माझ्याबद्दल होतं. शेवटी पाठवलं ते एवढंच: "तुमचं बरोबर होतं. ती वही अजून आहे का? मला वाचायची आहे."

११ फेब्रुवारी

वहीचे फोटो आले. एकेचाळीस पानं.

अक्षर बारीक आणि सरळ आहे. मी जे सोळा पानांत गोल गोल फिरून काढलं ते तिनं सहा पानांत काढलंय, अशा एका वाटेनं, जी मला पंधरा वर्षांत सुचली नाही. बाराव्या पानावर ती अशा ठिकाणी वळते की मी ओट्यावर एकटीच "अगं!" म्हणाले.

सतराव्या पानावर तळाला उत्तर आहे. वजाचं चिन्ह, स्वच्छ आणि काळं. मग वेगळ्या, निळ्या पेनानं त्याच्यावर एक उभी रेघ मारून त्याचं अधिक केलेलं. रेघ इतकी दाबून मारली आहे की फोटोतसुद्धा कागद फाटलेला दिसतो. बाजूला लहान अक्षरात इंग्रजीत लिहिलंय: माझंच चुकलं असणार.

त्या पानापाशी मी बसून राहिले. आईनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा येऊन बघून गेली.

मग चढावर गेले आणि मेलखाली दिलेल्या नंबरावर फोन लावला. मागे ऑफिसचा आवाज होता, तिनं दबक्या आवाजात विचारलं, कोण? मी नाव सांगितलं. मी सगळं ठरवून गेले होते ते विसरले.

"वही जवळ आहे?" मी विचारलं.

"आज बॅगेत आहे," ती म्हणाली. "का ते माहीत नाही, आणली."

"सतरावं पान काढ."

तिच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज आला, एक दार लागलं, मागचा गलका थांबला. मग पानं उलटल्याचा आवाज, एकेक करत.